उंबराचे फूल कोणी पाहिले?

“अहो, तुम्ही म्हणजे अगदी उंबराचे फूल झालात!” फार दिवसांनी घरी आलेल्या पाहुण्याला आजी असे म्हणते, हे तुम्ही ऐकले असेल. उंबराला फूल आलेले कोणाच्या दृष्टीस पडत नाही, म्हणून क्वचित भेटणाऱ्या माणसाला उंबराचे फूल म्हणायचे. उंबर मध्यरात्री फुलतो आणि ते फूल ज्याला दिसेल तो धनवान होतो, अशीही एक समजूत खेड्यापाड्यांतून आहे.

आता जरा विचार करा. फूल नाही, तर फळ कोठून आले? फळ आहे, फळात बी आहे, आणि पक्ष्यांनी टाकलेल्या त्या बीतून विहिरीच्या भिंतीतसुद्धा उंबराचे रोप उगवते. म्हणजे फूल असलेच पाहिजे. ते दिसत नाही इतकेच. मग ते असते कोठे? आणि आपल्याला न दिसणाऱ्या फुलाकडे पराग घेऊन जाते तरी कोण?

या दोन प्रश्नांची उत्तरे शोधायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक चाकू, एक भिंग आणि थोडी चिकाटी एवढे पुरे.

फळ नव्हे, फुलांची घागर

तळेगाव दाभाडे आणि त्याच्या आसपास राहणाऱ्या मुलांना उंबर शोधायला लांब जायला नको. एखाद्या ओढ्याच्या काठाने चालू लागा, इंद्रायणीकडे उतरा, जुन्या विहिरीपाशी थांबा किंवा दत्ताच्या देवळाचा पार गाठा. उंबराला ओल आवडते. जमिनीत पाणी कोठे लागेल हे सांगणाऱ्या झाडांमध्ये वराहमिहिराने आपल्या ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात उंबराचीही गणना केली आहे, ती याच कारणाने.

झाड ओळखणे अवघड नाही. बहुतेक झाडांना फळे फांद्यांच्या शेंड्याकडे पानांमध्ये लागतात. उंबराची फळे मात्र थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसांनी लागतात. हिरवी, बोराएवढी असताना त्यांतले एक तोडा. देठातून पांढरा चीक येईल. आता ते मधोमध उभे कापा आणि भिंगातून पाहा.

आत काय दिसते? फळ पोकळ आहे. पोकळीच्या आतल्या भिंतीला चिकटून बारीक बारीक दाणे दाटीने बसलेले आहेत. हे दाणे म्हणजेच उंबराची फुले! एका उंबरात ती हजारांनी असतात. देठाच्या विरुद्ध टोकाला एक अगदी बारीक छिद्र असते आणि खवल्यांनी ते जवळजवळ बंद केलेले असते. आपण याला ‘फळ’ म्हणतो खरे, पण वास्तविक तो फुलोरा आहे. फुलोऱ्याचा दांडा वाढून घागरीसारखा झाला आणि फुले घागरीच्या आत राहिली. म्हणूनच वनस्पतिशास्त्रात याला ‘कुंभासनी फुलोरा’ असे नाव आहे. वड, पिंपळ आणि अंजीर ही उंबराची भावंडे. त्यांचाही फुलोरा असाच असतो. उंबराचे शास्त्रीय नाव फायकस रॅसिमोझा. फायकस या प्रजातीत जगभर सुमारे ७५० जाती आहेत आणि त्या सर्वांची फुले अशीच घागरीत बंद असतात.

तेव्हा उंबराचे फूल पाहायला मध्यरात्रीपर्यंत जागायला नको. ते दिवसाउजेडी पाहता येते. फक्त घागर फोडावी लागते.

बंद दारातून आत येणारी पाहुणी

घागरीच्या आतली सगळी फुले एकाच वेळी उमलत नाहीत. आधी मादीफुले तयार होतात. नरफुलांतील पराग तयार व्हायला पुढे कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे एका घागरीतील पराग त्याच घागरीतील मादीफुलांच्या उपयोगी पडत नाही. तो दुसऱ्या उंबरातून आणावा लागतो. वारा आत शिरू शकत नाही. मधमाशी किंवा फुलपाखरू त्या छिद्रातून जाऊ शकत नाही. हे काम एकच कीटक करतो. त्याचे नाव सेरॅटोसोलेन फ्युसिसेप्स.

नाव लांबलचक असले, तरी कीटक जेमतेम २ मिलिमीटरांचा आहे. लोक त्याला चिलट म्हणतात. पण ते खरे चिलट नव्हे. चिलटाला आणि माशीला दोनच पंख असतात. उंबराच्या या कीटकाला चार पंख असतात, आणि तो गांधीलमाशी, मधमाशी व मुंगी यांच्या गणातला आहे. आपण त्याला उंबरकीटक म्हणू.

मादीफुले तयार झाली, की उंबराच्या घागरीतून विशिष्ट वास बाहेर पडू लागतो. आपल्या नाकाला त्याचे काही वाटत नाही, पण उंबरकीटकाच्या मादीला तो वास दुरूनही कळतो. ती उडत येते, घागरीवर उतरते, छिद्र शोधते आणि खवल्यांच्या फटींतून अंग चेपत आत घुसू लागते. ही वाट इतकी अरुंद असते, की तिचे पंख आणि स्पर्शिकांचे तुकडे वाटेतच गळून पडतात. बाहेर पडण्याचा विचारच आता संपला. जी आत गेली ती आतच राहणार.

आत गेल्यावर ती दोन कामे करते. तिच्या छातीवर दोन बारीक खिसे असतात. आपल्या जन्मघागरीतून निघताना तिने त्यांत पराग भरून आणलेला असतो. पुढच्या पायांनी तो काढून ती मादीफुलांच्या कुक्षीवर टाकते. आफ्रिकेतील उंबरासारख्या एका झाडाच्या कीटकात असे खिसे असतात आणि तो त्यांचा जाणूनबुजून उपयोग करतो, ही गोष्ट गॅलिल आणि आयसिकोविच या इस्राएली शास्त्रज्ञांनी १९६९ साली मांडली. मधमाशीच्या अंगाला पराग चिकटतो, तो तिच्या नकळत. ही कीटिका मात्र हाताने पेरणी करावी तसा पराग टाकते.

तिचे दुसरे काम अंडी घालण्याचे. काही मादीफुलांची कुक्षिवृंते आखूड असतात, काहींची लांब. आपली अंडी घालण्याची नळी ती कुक्षिवृंतातून खाली सोडते. आखूड फुलात नळी अंडाशयापर्यंत पोचते आणि तेथे एक अंडे घातले जाते. लांब फुलात ती पोचत नाही. अंडे पडलेल्या फुलात कीटक वाढतो. न पडलेल्या, पण पराग मिळालेल्या फुलात बी धरते. काही फुले पाहुणीच्या पिलांना, बाकीची आपल्या बीला, असा हा वाटा झाडाने ठरवून ठेवल्यासारखा दिसतो. कामे संपली, की मादी त्या अंधाऱ्या घागरीतच मरते.

अंधारातले बालपण

अंड्यातून बाहेर पडलेल्या अळीभोवती फुलाचा अंडाशय फुगून त्याची गाठ बनते. हीच तिची खोली आणि हेच तिचे अन्न. एका गाठीत एकच अळी. ती वाढते, कोषावस्थेत जाते आणि साधारण महिनाभराने, थंडीत त्याहून उशिरा, प्रौढ कीटक तयार होतो.

प्रथम नर बाहेर येतात. ते पिवळसर आणि बिनपंखी असतात. त्यांचे जबडे मात्र बळकट असतात. मादी गाठीत असतानाच नर त्या गाठीला भोक पाडतो आणि तेथेच त्यांचा संयोग होतो. मग नर मिळून घागरीची जाड भिंत कोरू लागतात आणि बाहेर जाणारा बोगदा खणतात. हा बोगदा त्यांच्या स्वतःच्या उपयोगाचा नसतो. पंख नसल्यामुळे ते जाणार कोठे? बोगदा खणून झाला, की त्यांचे आयुष्यही संपते. उजेडात उडण्याचे सुख नराच्या वाट्याला येतच नाही.

येथे एक गंमतीची गोष्ट आहे. बंद घागरीत बाहेरच्या हवेपेक्षा कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण फार जास्त असते. पिंपळाच्या फळांवर असा अभ्यास गॅलिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केला. या कोंदट हवेत नर चपळपणे काम करतात, पण माद्या सुस्त राहतात. बोगदा फुटून बाहेरची हवा आत आली, की माद्यांना तरतरी येते. जणू दार उघडल्याची वर्दीच त्यांना मिळते.

आणि याच सुमारास घागरीतली नरफुले पक्व होतात! उंबरात ती छिद्राच्या आसपास असतात. माद्या त्यांच्याकडे जातात, पायांनी पराग गोळा करून खिशांत भरतात आणि बोगद्यातून बाहेर पडतात. एका झाडावरची फळे बहुधा एकाच सुमारास तयार होतात. म्हणून मादीला नुकतेच फुललेले दुसरे झाड शोधावे लागते. त्यासाठी तिच्याजवळ वेळ किती? एक दिवस, फार तर दोन. बाहेरच्या जगातले तिचे सारे आयुष्य एवढेच.

माद्या निघून गेल्या, की घागर मऊ होते, लाल होते, गोड होते. आता तिला पक्षी आणि प्राणी यांची गरज असते. बी दूर नेऊन टाकायला कोणीतरी हवे ना!

चॉकलेटच्या झाडाची गोष्ट

असा चिमुकला कीटक आणि त्याच्यावर विसंबलेले झाड, ही जोडी केवळ उंबराचीच नाही. तुम्ही आवडीने खाता त्या चॉकलेटमागेही असाच एक कीटक आहे.

चॉकलेट कोकोच्या बियांपासून होते. कोको मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आपल्या देशात केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू येथे नारळी-पोफळीच्या सावलीत त्याची लागवड करतात. लिनियसने १७५३ साली त्याला थिओब्रोमा, म्हणजे ‘देवांचे अन्न’, असे नाव दिले. आपल्याकडे उंबर दत्ताचा, तिकडे कोको देवांचा! आणखी एक साम्य म्हणजे कोकोची फुलेही थेट खोडावर येतात. ती सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची, खाली लोंबणारी असतात. पराग चिकट असल्यामुळे वारा तो नेऊ शकत नाही. पुंकेसर पाकळ्यांच्या टोपीत लपलेले असतात. या अडचणीच्या जागेत शिरतात ती फॉर्सिपोमिया या प्रजातीतील चिलटे. ही मात्र खरी दोन पंखांची चिलटे आहेत, लांबी १ ते ३ मिलिमीटर. फुलाला एक-दोन दिवसांत पराग मिळाला नाही, तर ते गळून पडते. झाडावर वर्षाकाठी हजारो फुले येतात, पण शंभरातल्या थोड्याच फुलांना फळ धरते.

या चिलटांचे बालपण फुलात जात नाही. ते जाते जमिनीवरच्या ओल्या, कुजक्या पाचोळ्यात, फोडून टाकलेल्या कोकोच्या टरफलांत आणि केळीच्या कुजणाऱ्या बुंध्यांत. अंडे, अळी, कोष आणि प्रौढ हा फेरा सुमारे चार आठवड्यांचा असतो. म्हणून बाग झाडून लख्ख केली, तर बागाईतदाराचे नुकसान होते! पाचोळा गेला, की चिलटे गेली. चिलटे गेली, की फळे घटली.

दोन्ही जोड्यांत एक फरक ध्यानात ठेवा. कोकोकडे चिलटांच्या अनेक जाती येतात आणि चिलटे कोकोवाचूनही जगू शकतात. उंबरकीटकाचे तसे नाही. त्याचा जन्म, बालपण, संसार आणि मरण उंबराखेरीज कोठेच नाही. उंबरालाही त्याच्यावाचून बी नाही.

पाहुणी आलीच नाही तर?

याचे उत्तर इतिहासात आहे. आफ्रिकेतील सिकॅमोर हे उंबरासारखे झाड प्राचीन काळी इजिप्तमध्ये नेले गेले, पण त्याचा कीटक तेथे गेला नाही. झाडे वाढली, परंतु फळांत बी धरेना. फळे पिकावीत म्हणून लोक प्रत्येक कच्च्या फळाला चाकूने चीर देत. जखम झाली, की फळात एथिलीन वायू तयार होतो आणि ते लवकर पिकते. नवी झाडे मात्र फांद्या लावूनच करावी लागत.

दुसरी हकीगत अमेरिकेतली. १८८० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात स्मर्ना जातीच्या अंजिराची झाडे आणून लावली. फळे धरत आणि कच्ची असतानाच गळून पडत. शेवटी १८९९ साली त्या अंजिराचा कीटक तेथे आणून वसवण्यात यश आले, तेव्हा कोठे बागांना फळ मिळाले.

मग आपल्या पुरंदर-सासवडकडच्या अंजिराचे काय, असे तुम्ही विचाराल. पुणे जिल्ह्यात लावतात ती जात परागाविनाच फळ धरणारी आहे. तिची रोपे कलमाने करतात. त्यामुळे तिला कीटकाची गरज पडत नाही, आणि अंजीर खाताना मनात शंका आणण्याचे कारण नाही.

चोर आणि पहारेकरी

उंबराच्या घागरीवर डोळा ठेवून असणारे दुसरे कीटकही आहेत. ते पराग आणत नाहीत. केसासारखी लांब नळी घागरीच्या भिंतीतून बाहेरूनच खुपसून ते आत अंडी घालतात. कोणी फुलांत, कोणी उंबरकीटकाच्या अळ्यांच्या जागी. इतक्या नाजूक नळीने कठीण भिंत कशी भेदली जाते? बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१४ साली या नळीचे निरीक्षण प्रसिद्ध केले. तिच्या टोकाला दाते असतात आणि त्यांत जस्त हा धातू असतो! माणसाच्या केसाहून बारीक असे हे जस्ताचे गिरमिटच म्हणायचे.

अशा चोरांवर पहाराही असतो. उंबरावर मुंग्या फिरताना तुम्ही पाहिल्या असतील. फळांवर बसलेले कीटक त्या पकडतात. एका उंबराच्या झाडावर झाड, मित्र, चोर आणि पहारेकरी असे सगळे नाटक चालू असते आणि आपण खालून जाताना मान वर करूनही पाहत नाही.

एक झाड पुरेसे नाही

उंबरकीटकाच्या मादीला एक-दोन दिवसांत दुसरे फुललेले झाड गाठायचे असते. हा चिमुकला जीव किती दूर जाऊ शकत असेल? नामिबियाच्या वाळवंटात सिकॅमोरची झाडे एकमेकांपासून फार दूर आहेत. तेथे झाडांच्या आणि रोपांच्या आनुवंशिक खुणा जुळवून २००९ साली असे आढळले, की कीटकांनी पराग सरासरी सुमारे ९० किलोमीटर आणि जास्तीत जास्त १६० किलोमीटर अंतरावरून आणला होता. ९० किलोमीटर म्हणजे तळेगावाहून सरळ रेषेत मुंबई! कीटक स्वतःच्या बळावर एवढे उडत नाही. उंच जाऊन वाऱ्यावर तरंगत जातो. पण अशा प्रवासाला निघालेल्यांपैकी झाडापर्यंत पोचणारे फार थोडे.

म्हणून उंबर टिकायचा, तर एखादेच झाड राखून भागत नाही. परिसरात पुष्कळ झाडे हवीत, आणि ती वर्षभर वेगवेगळ्या वेळी फुलायला हवीत. कोठे ना कोठे एक झाड पाहुणीची वाट पाहत उभे असले पाहिजे. रस्ता रुंद करताना, ओढा बुजवताना, विहीर बांधून काढताना एकेक उंबर जातो, तेव्हा दोन झाडांमधले अंतर वाढते. कीटकाचे आयुष्य मात्र वाढत नाही. उलट, हवा काही अंशांनी तापली तर उंबरवर्गीय झाडांच्या कीटकांचे आधीच लहान असलेले आयुष्य आणखी घटते, असे सिंगापूरमधील काही जातींवर केलेल्या अभ्यासात २०१३ साली दिसून आले.

आणि नुकसान एकट्या उंबराचे होत नाही. उंबराला वर्षातून अनेकदा बहर येतो. रानात दुसरे फळ नसते तेव्हाही उंबर पिकलेला असतो. तांबट, कुटुर्गा, बुलबुल, कोकीळ, धनेश, आपला राज्यपक्षी हरियाल, रात्री वटवाघळे, दिवसा वानरे आणि खारी, सगळे त्याच्या पंगतीला असतात. मावळातल्या देवरायांतून जुनी झाडे राखली गेली, त्यांत केवळ देव राखला गेला असे नाही. ही पंगतही राखली गेली. तळेगाव वेगाने वाढत आहे. नवे रस्ते आणि नव्या वसाहती होणारच. त्या करताना ओढ्याकाठचा उंबर कोठे आहे हे कोणाला तरी ठाऊक असले पाहिजे. ते काम तुमच्या वर्गाला सहज करता येईल.

करून पाहा

१. शाळेपासून चालत जाता येईल एवढ्या परिसरातले सर्व उंबर शोधून नकाशावर खुणा करा. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक झाडाची नोंद ठेवा: फळे नाहीत, हिरवी लहान, हिरवी मोठी, लाल. एका वर्षात तुमच्या हाती मोलाची माहिती येईल.

२. एका झाडावरील घोसाला दोरा बांधा. दर आठवड्याला त्यातले एक फळ कापून भिंगातून पाहा आणि चित्र काढा. मेलेली मादी, गाठी, बिनपंखी नर, बोगदा यांपैकी काय काय दिसले ते लिहा. फळे खोडावर हाताशी असतात. झाडावर चढू नका. चाकू वापरताना शिक्षकांना जवळ बोलवा.

३. लाल होण्याच्या बेतात असलेली दोन-तीन फळे काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला मलमलीचे कापड बांधा. एक-दोन दिवसांत माद्या बाहेर येतात का पाहा. त्यांचे पंख मोजा. दोन की चार? निरीक्षण संपल्यावर बरणी उंबराच्या झाडाखाली नेऊन उघडा.

४. अगदी कोवळ्या फळांच्या एका घोसावर दाट मलमलीची पिशवी बांधा. शेजारचा घोस मोकळा ठेवा. महिनाभराने दोन्हींतील टिकलेली फळे मोजा. फरक का पडला, याचे उत्तर तुम्हाला आता देता येईल.

पुढच्या वेळी कोणी तुम्हाला ‘उंबराचे फूल’ म्हणाले, तर त्यांना एक उंबर कापून दाखवा.